पाहुण्याचं बी

दि. ९ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

कापणी काल आटोपली. घरात सगळीकडे भुसा झालाय, तुमच्या दादांच्या भुवयांतसुद्धा. यंत्र चालवल्यावर ह्यांना दोन दिवस धड ऐकू येत नाही. त्यामुळे सध्या घरात माझंच खरं चाललंय.

वरच्या वावरातला गहू यंदाही बियाण्यासाठी पास झाला. तपासनीस बाई चारही कोपरे आणि मधला भाग पायी फिरल्या, वाकून वाकून ओंब्या पाहिल्या आणि सही करताना म्हणाल्या की इतकं स्वच्छ शेत त्यांनी यंदा दुसरं पाहिलेलं नाही. हे सलग आठवं वर्ष. पुढच्या पेरणीला चाळीस घरं आपलं बियाणं नेणार. बांधापलीकडचा आपला शेजारी आठवतो ना, कडक इस्त्रीचा सदरा घालून शेतात येणारा? त्याचं तोंड एवढंसं झालं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता लिहायचं खरं कारण. पाहुणा म्हणजे तुमच्याच घरचा शब्द. गव्हात गव्हासारखंच उगवणारं, ओंबी येईपर्यंत वरून ओळख न देणारं ते गवत. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात आप्पा दारातून ओरडले की वावरात पाहुणा आलाय, आणि मी चहाचं आधण ठेवायला धावले. तुम्ही केवढ्या हसला होता! अजून कुणी हसलं की मला वाटतं त्या चहावरूनच हसतंय.

तर यंदा तणाचं औषध मारूनही वरच्या वावराच्या उताराकडच्या कोपऱ्यात खोलीएवढ्या जागेत पाहुणा जिवंत राहिला. माझ्या मते तिथे फवारा हुकला, बाकी काही नाही. तपासणीच्या आधी मी सगळा हाताने उपटला. पण आप्पांच्या नजरेतून सुटतंय थोडंच? त्यांचं एकच सुरू झालंय, बी गोळा कर आणि माझ्या लेकीकडे पाठव, ती कुंड्यांत लावून सांगेल. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, माझी लेक तणांची डॉक्टर आहे. आठ वर्षं हे शेत ज्या हातांनी स्वच्छ ठेवलं ते हात त्यांना रोज भाकरी वाढतात, तेवढ्याचसाठी ते त्यांच्या लक्षात असावेत. असो. कसं पाठवायचं ते कळवा.

आमची आठवण असू द्या, नुसती शेताची नको.
तुमची,
वहिनी

---

दि. २२ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आठव्या सहीबद्दल अभिनंदन. त्या वावरात कुठल्या ओळीला खुरपं दगडावर आपटतं हे मला अजून पाठ आहे, म्हणून वाचताना मी तिथेच जाऊन आले. माझं शेत आता म्हणजे इमारतीच्या गच्चीवरची काचेची खोली आणि लोखंडी मांडणीवरच्या दोनशे कुंड्या. इथे सही करायला कुणी येत नाही. शिपाई येतो, पण तो कुंड्यांत चहाचा चोथा टाकायला.

एक विचारते, रागावू नका. आठही वर्षं एकच औषध? आप्पांनी तुम्हाला ते करू दिलं? माझ्या वेळी वाफ्याचा एक कोपरा राहिला तरी मला परत पाठवत असत.

गोष्ट अशी आहे. एका शेतात पाहुण्याची लाखो रोपं असतात. त्यांत दोन-चार जन्मतःच अशी असतात की ते औषध त्यांना बाधत नाही. औषध त्यांना तसं बनवत नाही. ते फक्त बाकीच्यांना मारून त्यांना मोकळं रान देतं. पुढल्या वर्षी उगवतात ती त्यांचीच पोरं. त्यांच्यावर पुन्हा तेच औषध मारलं, की आपण जणू त्यांच्यासाठीच शेत झाडून ठेवतो. पहिली काही वर्षं हे दिसतच नाही, उलट शेत फार स्वच्छ दिसतं.

तुमच्याकडे असंच झालंय असं मी म्हणत नाही. फवारा हुकलाही असेल. ते कळण्यासाठीच बी हवं. औषध मारूनही जी रोपं जगली, फक्त त्यांचंच बी घ्या. उपटलेल्या ढिगात ओंब्या असतील. फक्त वरच्या वावरातलंच, दुसऱ्या कुठल्या जागेचा दाणाही मिसळू देऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बी घामेजतं, तेव्हा कागदी पाकिटात भरा आणि वर वावराचं नाव लिहा.

वेळेवर कळलं तर पुढच्या पेरणीला पीक आणि औषध दोन्ही बदलता येईल, आणि वावर हातातून जाणार नाही. एका वर्षाचा गहू जाईल, एवढंच.

आप्पांना नमस्कार. त्यांचा हात कापतो म्हणून ते लिहीत नाहीत हे ठाऊक आहे, तरी पाकिटावरचं अक्षर आधी पाहते.
लोभात खंड नसावा.
तुमची,
नणंद

---

दि. १० मे

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

सोबत पाकीट पाठवत आहे. तुम्ही सांगितलं तसंच भरलंय, वर नाव घातलंय. तुमचं पत्र आप्पांनी ओटीवर बसून मोठ्याने वाचलं. ‘तुम्हाला ते करू दिलं?’ हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, आणि कडक इस्त्री नेमका तेव्हाच फावडं मागायला आला होता.

एका वर्षाचा गहू जाईल, एवढंच, असं लिहिता. एवढंच! एकदा बियाण्याचा मान दुसऱ्याकडे गेला की चाळीस घरांना तिकडची वाट सवयीची होते. तुमच्या काचेच्या खोलीत हे कसं दिसणार?

निकाल सवडीने कळवा. मला घाई नाही.
माया उणी होऊ देऊ नका.
वहिनी

---

दि. ३० ऑगस्ट

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेल्या बियाण्याचा निकाल सोबत जोडला आहे. सोप्या शब्दांत असा: साठ कुंड्यांत रोपं वाढवली. तीन पानांवर आल्यावर वीस कुंड्यांवर औषधाची निम्मी मात्रा मारली, वीसवर पूर्ण आणि वीसवर दुप्पट. एकवीस दिवसांनी मोजणी केली. पूर्ण मात्रेत एकही रोप जगलं नाही. निम्म्या मात्रेतही फक्त सहा जगली, तीही पिवळी पडलेली.

म्हणजे या बियाण्याच्या रोपांना औषध व्यवस्थित लागू पडतं. दोष औषधात नाही. मग उरतं कोण?

पंपाच्या तोट्या घासल्या की भोक मोठं होतं आणि फवारा एका अंगाला पडतो. गढूळ पाण्यात औषधाचा जोर जातो. रोपं मोठी झाल्यावर मारलं तर अर्धी वाचतात. वारा असताना मारलं तर औषध शेजाऱ्याच्या सदऱ्यावर जातं. यातलं तुमच्याकडून काय झालं असेल ते तुम्हीच तपासा. आठ सह्या मिळाल्या की माणूस तोट्या बदलायचं विसरतो, असं मी इथे कितीतरी शेतकऱ्यांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आप्पांना हा कागद वाचून दाखवा. त्यांना बरं वाटेल.
जिव्हाळा आहे तो राहू द्यावा.
तुमची,
नणंद

---

दि. २८ डिसेंबर

वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचा कागद मला वाचून दाखवावा लागला नाही. आप्पांनीच तो चार महिने सगळ्यांना वाचून दाखवला. ‘मग उरतं कोण?’ म्हणायचं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघायचं. शेवटी ह्यांनाही तोंड फुटलं. एरवी जेवताना मीठ कमी आहे हे सांगायला ज्यांना अर्धा तास लागतो, ते मला म्हणाले की तोट्या बदलून घे.

बदलल्या. सगळ्या नव्या. पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं. औषध मापून घातलं, आणि आप्पांच्या देखत घातलं. पेरणीनंतर तिसाव्या दिवशी, पाहुणा तीन पानांवर असताना, वारा पडल्यावर, घड्याळ लावून चालले. एक पट्टासुद्धा सोडला नाही. त्याला आज चोवीस दिवस झाले.

बाकी सगळं तण जळून गेलं. पाहुणा हिरवागार आहे. खोलीएवढी जागा होती ती आता वावराचा तिसरा हिस्सा झाली आहे. मी रोज सकाळी जाते, रोपं उपटून बुडखा बघते, गव्हाचा पांढरा असतो आणि पाहुण्याचा लाल, आणि प्रत्येक वेळी लालच निघतो. हाताने उपटायचा म्हटलं तर गहू तुडवला जाईल आणि पाहुणा तरी सगळा कुठे निघणार? तपासनीस बाई वीस फेब्रुवारीला येणार आहेत.

आता तुम्हीच सांगा, उरतं कोण? की तुमच्या काचेच्या खोलीतला निकाल चुकू शकतो, असं तुमच्या पुस्तकात लिहिलेलंच नाही?
आप्पांना अजून काही बोलले नाही.
वहिनी

---

दि. ७ जानेवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मला मिळालेल्या बियाण्यापुरता माझा निकाल बरोबर आहे. त्याची नोंद, फोटो, मोजणी सगळं इथे आहे. कुंड्यांतली रोपं मेली, ती मी डोळ्यांनी पाहिली. याहून जास्त मी काय सांगणार? तुमच्या हाताखाली काय घडलं ते तुम्हाला ठाऊक.

पाकीट तुम्हीच भरलं होतं ना?
थंडी आहे, आप्पांना जपा.
नणंद

---

दि. १५ जानेवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

उत्तर द्याल तेव्हा पाकिटावर ‘खासगी’ लिहा. तसं लिहिलेलं आप्पा उघडत नाहीत, फक्त दिव्यासमोर धरून बघतात.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाने माझी झोप उडाली. दोन ओळींत लिहिते, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही. पाकीट मी भरलं, पण बी वरच्या वावरातलं नव्हतं. ओढ्याकाठच्या खालच्या तुकड्यात आपण गुरांचा चारा करतो, तिथे औषध आजवर कधी मारलेलं नाही. तिथल्या बांधावरच्या पाहुण्याचं बी भरलं आणि वर नाव लिहिलं ‘वरचं वावर’.

का केलं ते आता सरळच सांगते. औषध मी निवडलं होतं. पहिल्याच वर्षी शेत आरशासारखं झालं आणि आप्पा म्हणाले, शाबास. या घरात मला मिळालेली ती पहिली शाबासकी, वन्सं. मग दरवर्षी तेच आणलं. बदलायला भीती वाटायची की शेत आणि शाबासकी दोन्ही जातील. तुमचं एप्रिलचं पत्र वाचलं तेव्हाच मनात म्हटलं, हे आपल्याच शेताबद्दल लिहिलंय. खरं बी पाठवलं असतं तर तुमचा कागद आला असता की वहिनीने आठ वर्षं पाहुणाच पोसला. तो आप्पांनी ओटीवर वाचला असता. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर सोसलं असतं. तुम्ही लिहिलेलं नको होतं. तुमचं एक पत्र आलं की ते आठवडाभर खुशीत असतात, आणि मला रोज भाजी कशी झाली हेदेखील विचारून घ्यावं लागतं.

त्या पाकिटातून तुम्ही हरावं असं नव्हतं मनात. मी तुमच्यासमोर हरू नये, एवढंच होतं. आता शेतच हातचं चाललंय. काय करू ते सांगा. वाटेल ते बोला, पण आधी हे सांगा.
वहिनी

---

दि. २१ जानेवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आधी काय करायचं ते लिहिते, कारण त्याला वेळ नाही.

आता दुसरं औषध मारू नका. रोपं फार मोठी झाली आहेत, मरायची नाहीत. सगळं वावर हिरवंच कापून गुरांना घाला. गव्हासकट, सगळं. पाहुण्याच्या ओंबीत दाणा धरायच्या आत, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. ‘चांगला भाग ठेवू’ असं मनात येईल, ठेवू नका. एका रोपाचं बी शेकड्यांनी पडतं आणि जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं. फुटवे पुन्हा आले तर पुन्हा कापा. मग पाणी देऊन जमिनीतलं बी उगवू द्या आणि वरवर कुळवून मारा, खोल नांगरू नका. तीन वर्षं तिथे गहू नको. वाटाणा घ्या, चारा घ्या, औषध दरवेळी वेगळ्या गटातलं घ्या. दादाला सांगा, यंत्र त्या वावरातून निघालं की झाडून-पुसूनच दुसरीकडे न्यायचं.

आणि गेल्या वर्षीचं बियाणं ज्या चाळीस घरी गेलं, त्यांना सांगायला हवं. तुम्ही कोपरा उपटला होता, तरी एखादी ओंबी राहिली असेल. हे सगळ्यांत कडू आहे, पण सांगा.

आता माझं. वहिनी, मला माहीत होतं.

मे महिन्यात पाकीट उघडलं आणि पांढऱ्या कागदावर बियांबरोबर तीन शंख पडले, तांदळाच्या दाण्याएवढे. ओढ्याचं पाणी खालच्या तुकड्यात पसरून ओसरलं की ते मागे राहतात. वरच्या वावरात तसला शंख कधी सापडत नाही. लहानपणी मी ते खिशात भरून आणायची. मी कागदाकडे बघत उभी राहिले. त्याच दिवशी तुम्हाला फोन करून विचारायला हवं होतं. ऑक्टोबरपर्यंत वेळ होता. मी शंख खणात टाकले आणि बी पेरलं. त्या निकालात मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही, आणि तरी तो कागद अख्खा खोटा आहे. ‘मग उरतं कोण?’ हे वाक्य लिहिताना मला मजा आली होती. डिसेंबरात तुम्ही विचारलंत तेव्हाही मी सांगितलं नाही, उलट तुमचीच परीक्षा घेतली.

मी शिकायला बाहेर पडले ती परत येऊन वरचं वावर बघायचं ठरवूनच. कुणाला बोलले नव्हते, एवढंच. पहिल्या सुट्टीत दादाच्या लग्नासाठी घरी आले तर आठवड्याच्या आत वावरात माझ्या ओळीत तुम्ही वाकलेल्या, आणि आप्पा तुम्हाला रोप उपटून लाल बुडखा दाखवत होते. तो त्यांनी मला दाखवलेला होता. त्या दिवशी तुमच्या चहाची गोष्ट ऐकून मी जे हसले ते चहासाठी नव्हतं. तेव्हापासून दरवर्षी तुमची सही झाली की इथे माझं पोट दुखतं. एकदा तरी तुमचं चुकावं, आणि ते आप्पांनी बघावं, असं वाटायचं. तशी संधी पाकिटात घालून तुम्हीच पाठवलीत.

तुमच्या खोट्याने एक पाकीट बदललं. माझ्या गप्प बसण्याने शेताचं वर्ष गेलं. क्षमा मागायचीही लाज वाटते, तरी मागते.
लोभ मागायचा हक्क या खेपेला सोडते.
नणंद

---

दि. २० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मी तुम्हाला मनात इतक्या शिव्या दिल्या की तिथे उचक्या लागल्या असतील. मग विळा घेऊन वावरात गेले.

कापलं सगळं. यंत्र लावू दिलं नाही, गेल्या वर्षी त्यानेच बी पसरवलं असेल असं वाटून त्याच्याकडे बघवेना. ह्यांनी चार मजूर आणले आणि स्वतःही दिवसभर कापत राहिले. वरच्या बाजूचा गहू असा झाला होता, वन्सं, की तो कापताना हात मागे यायचा. तुम्ही लिहिलं होतं की ठेवावासा वाटेल. ठेवला नाही. गुरं मात्र खूष आहेत.

चाळीस घरी मी स्वतः जाऊन आले. दारात उभं राहून सांगायचं की आमच्या बियाण्यात पाहुणा असू शकतो, चला, शेतात दाखवते. तीन घरांत सापडला. उपटून दिला. कुणी फार बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. आज तपासनीस बाई आल्या, बांधावरून मोकळं वावर पाहिलं आणि वही मिटली. बियाण्याचा मान कडक इस्त्रीकडे गेला. तो मग आमच्याकडे आला आणि पाहुणा ओळखायचा कसा ते विचारू लागला. बुडखा दाखवावा लागला. दाखवला. त्याच्या सदऱ्याला चिखल लागला तेवढंच समाधान.

आप्पांना पाकिटाचं मी सांगितलं. कापणीच्या पहिल्या दिवशी, बांधावर.  दोन दिवस ओटीवर कुठलंच पत्र वाचलं गेलं नाही.

पण शंखांचं नाही सांगितलं. तुमचं पत्र चुलीत घातलं आणि सगळं माझ्याच नावावर राहू दिलं. तुम्ही म्हणाल, वहिनीचं मन मोठं. तसं अजिबात नाही. मी सांगितलं असतं तर आप्पा म्हणाले असते की पोर आहे, चुकली. तुम्हाला त्यांनी तिथल्या तिथे माफ केलं असतं. ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं नव्हतं.

वाटाण्याचं बी कुठलं घ्यावं ते कळवा. राग गेलेला नाही, पण तुमच्याशिवाय विचारू कुणाला?
आहे तशी माया चालवून घ्या.
तुमची,
वहिनी

---

दि. १२ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

वाटाण्याचं वेगळ्या कागदावर लिहिलं आहे, दादाला द्या.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी आप्पांना सगळं लिहून टाकलं. शंख, खण, मजा आली ती ओळ, काही ठेवलं नाही. पाकिटावर ‘खासगी’ घातलं नाही, त्यांनी ते ओटीवर मोठ्याने वाचावं म्हणून. त्यांनी ते ओटीवर वाचलेलं दिसत नाही, नाहीतर तुम्ही लिहिलं असतं.

काल त्यांचं उत्तर आलं. त्यांच्या हाताने लिहिलेलं. अक्षर ओळीखाली घसरतं, एक शब्द तीनदा गिरवलाय. मी ते घेऊन कुंड्यांच्या खोलीत गेले, दार लावलं. रागावले असतील असं वाटत होतं. आणि तुम्ही म्हणता तसं लगेच माफ केलं असेल, अशीही आशा होती, खोटं का सांगू?

दोन्ही नाही. एकूण अकरा ओळी आहेत. नऊ तुमच्यावर आहेत. लिहितात, तिचे तळहात फोडांनी भरलेत आणि ती दाखवत नाही. उभ्याने जेवते. चाळीस घरी पायी गेली, तुझ्या दादाला जाऊ दिलं नाही. मी तिला आठ वर्षांत औषध बदल म्हणून एकदाही सांगितलं नाही, स्वच्छ शेत मलाही आवडत होतं, तेव्हा चूक पहिली माझी आहे, पण हे तिला तोंडावर सांगणं मला जमत नाही. तू लिही, तुझं पत्र ती दोनदा वाचते. असं सगळं. दहाव्या ओळीत थंडीबद्दल आहे. माझ्याविषयी शेवटची ओळ, ‘तू केव्हाही ये’. बस.

मी ते सात-आठ वेळा वाचलं आणि प्रत्येक वेळी नऊच भरल्या. वहिनी, आतून इतकी जळले की खिडकी उघडावी लागली. आपण दोघी कशासाठी भांडत होतो ते निदान आता कागदावर आहे, आणि तुम्हीच जिंकलात.

हे तुम्हाला कळूच द्यायचं नाही, असं काल ठरवलं होतं. एकदा गप्प बसून काय झालं ते पाहिलं आहे, म्हणून मूळ पत्रच सोबत ठेवते. तळहातांना मलम लावा, मग वाचा.

वाचून झालं की परत पाठवा. ते माझं आहे.

तुमच्या लोभाची वाट पाहणारी,
नणंद